प्रोसेसर कसा जोखायचा: रायझन ५ ५६००जी आणि त्यात कापलेल्या गोष्टी

२०२१ च्या दिवाळीत भाचीसाठी कॉम्प्युटर जुळवायचा होता. आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष, बजेट मोजकं, आणि बाजारात ग्राफिक्स कार्डांची अशी टंचाई की साधं कार्डसुद्धा मूळ किमतीच्या दीडपट-दुपटीनं विकलं जात होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुट्या विक्रीला आला होता. सहा कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे सहा भाग, आणि पोटात बऱ्यापैकी ग्राफिक्स. तो घेतला, बसवला, आणि तो अजूनही तिच्या टेबलाखाली चालतोय.

तेव्हापासून ओळखीतले लोक मला विचारतात, "५६००जी चांगला का?" काहींना मी डोळे झाकून घ्या म्हटलं आणि काहींना स्पष्ट नको म्हटलं. चिप तीच, उत्तर वेगळं. हे उत्तर कसं काढायचं तेच इथं पायरीपायरीनं लिहितो. उदाहरणाला ५६००जीच ठेवतो, कारण त्याचे गुण आणि त्याच्या उणिवा एकमेकांना इतक्या घट्ट चिकटलेल्या आहेत की त्याच्यावर ही पद्धत एकदा समजली, की कुठल्याही प्रोसेसरला लावता येते.

पद्धतीचं मूळ एवढंच आहे: सिलिकॉनचा तुकडा मर्यादित असतो, वीज आणि उष्णता मर्यादित असते, आणि विक्रीची किंमतही ठरलेली असते. त्यामुळे कुठल्याही प्रोसेसरमध्ये एखादी गोष्ट भरपूर दिसली की लगेच विचारायचं, हिच्यासाठी काय कापलं? आणि मग दुसरा प्रश्न, जे कापलं ते मला लागणार होतं का?

पायरी १: आधी आपलं काम मोजा

नवा प्रोसेसर पाहण्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर अर्धा तास द्या. तुमचं नेहमीचं, सगळ्यात जड काम सुरू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख दाखवायला सांगा. आता काम करत राहा आणि बघा.

सगळे चौकोन वरपर्यंत भरले, तर तुमचं काम जास्त कोअर मागतंय. व्हिडिओ एक्स्पोर्ट, प्रोसेसरवर होणारं थ्रीडी रेंडरिंग, मोठे कोड कंपाइल करणं ही अशी कामं. एकदोन चौकोन भरलेत आणि बाकीचे रिकामे, पण तरी तुम्ही वाट बघत बसलाय, तर तुम्हाला एकेका कोअरचा वेग हवाय. ऑटोकॅडमधलं ड्रॉइंग बहुतांशी असंच चालतं. तिथं आठाऐवजी सोळा कोअर घेतले तर पैसे वाया जातील.

आणि सीपीयू तीस टक्क्यांवर निवांत असताना मेमरी काठोकाठ भरलेली किंवा डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसली, तर प्रोसेसर बदलूच नका. रॅम वाढवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. हिशेबाच्या कामाला चार-पाच वर्षं जुना आय३ पुरत नाही म्हणून आलेल्या कितीतरी लोकांना मी याच पायरीवर परत पाठवलंय, आणि त्यातल्या कुणालाच पुन्हा यावं लागलं नाही.

पायरी २: नाव नीट वाचा, आकड्यांच्या क्रमावर विसंबू नका

इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद आहे, म्हणजे वेगळं कार्ड घ्यावंच लागेल; नाहीतर मॉनिटरवर चित्रच उमटणार नाही. के असेल तर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, करता येतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत जी म्हणजे ग्राफिक्स आहे, आणि जी नसेल तर नाही. ७००० मालिकेपासून मात्र बहुतेक रायझनमध्ये मॉनिटर चालण्यापुरतं ग्राफिक्स असतंच, पण तिथंही शेवटी एफ लागला की ते नाही.

खरा सापळा आकड्यांच्या क्रमात आहे. रायझन ५ ५५०० हा ५६००च्या जरासा खाली असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो ५६००जीचा भाऊ आहे, ग्राफिक्स बंद केलेला. म्हणजे ग्राफिक्ससाठी जे कापलं ते सगळं त्यात कापलेलंच आहे, आणि ज्याच्यासाठी कापलं ते ग्राफिक्सही नाही. नंतर आलेला रायझन ७ ५७०० हाही त्याच घरातला. त्याच्या आणि ५७००एक्सच्या नावात एका अक्षराचा फरक आहे, पण कॅश (चिपमधली हाताशीची मेमरी, तिच्याबद्दल पुढच्या पायरीत) निम्मी आहे. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये हे शेवटचं अक्षर अनेकदा गळतं, म्हणून ते पूर्ण लिहून मागा.

पायरी ३: तीन आकडे शेजारी ठेवा

आता कंपनीच्या संकेतस्थळावरून तपशील काढा आणि तोडीच्या दोन प्रोसेसरांशी तुलना करा. ५६००जीच्या बाबतीत मी रायझन ५ ५६०० आणि इंटेल कोअर आय५-१२४०० घेतो. तिन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामांच्या ओळी सांभाळतो. तिन्हींचा सर्वोच्च क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, ४.४ गिगाहर्ट्झ. इथंच नवखा माणूस वही मिटतो आणि स्वस्त असेल तो घेतो.

क्लॉकबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: वेगवेगळ्या घराण्यातल्या चिपांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. दर ठोक्याला किती काम होतं ते प्रत्येक रचनेत वेगळं असतं. आय५-१२४००चा मूळ क्लॉक २.५ आहे आणि ५६००जीचा ३.९, म्हणून १२४०० मंद आहे असं अजिबात नाही.

तिसरा आकडा कॅशचा, आणि इथं थोडं थांबायला हवं. एल३ कॅश, म्हणजे सगळ्या कोअरनी मिळून वापरायची मोठी कॅश, ५६००मध्ये ३२ एमबी आहे, १२४००मध्ये १८, आणि ५६००जीमध्ये १६.

कॅश म्हणजे स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा. फोडणी करताना मोहरी, हळद, हिंग हाताशी हवं. डब्यात नसलं तर फडताळ उघडून बरणी काढावी लागते. ते फडताळ म्हणजे रॅम. तेवढ्यात तेल तापून धूर निघतो. प्रोसेसरच्या जगात एल३मधून माहिती यायला ढोबळमानानं दहा नॅनोसेकंद लागतात, तर रॅममधून यायला साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त. तेवढा वेळ कोअर काही न करता बसून राहतो. गेममध्ये ही वाट पाहणी फार होते, कारण पुढच्या क्षणी कुठली माहिती लागेल हे खेळणाऱ्यावर अवलंबून असतं, आधी ओळखता येत नाही. उलट रेंडरिंगमध्ये माहिती बरीचशी ओळीनं येते, त्यामुळे लहान डबाही चालून जातो.

५६००जीचा डबा लहान का? कारण त्याची सगळी चिप एकाच तुकड्यात आहे. त्याच तुकड्यात कोअर, मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्सही बसवायचं होतं. ५६००मध्ये कोअर आणि कॅश एका तुकड्यावर आणि बाकीचा कारभार दुसऱ्या तुकड्यावर आहे, म्हणून तिथं कॅशला जागा मिळाली. परिणाम असा की दोन्ही प्रोसेसरांना तेच दमदार ग्राफिक्स कार्ड लावलं, तर गेममध्ये ५६०० स्पष्टपणे पुढे राहतो.

उलट टोकाचं उदाहरण रायझन ७ ५८००एक्स३डीचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या या चिपवर कॅशचा जास्तीचा थर चक्क वर रचून एल३ ९६ एमबी केली. गेममध्ये तिनं आपल्यापेक्षा महागड्या चिपांना मागे टाकलं. पण वरचा थर उष्णता बाहेर पडू देत नाही, म्हणून क्लॉक कमी करावा लागला: साध्या ५८००एक्सचा ४.७, हिचा ४.५ गिगाहर्ट्झ. त्यामुळे रेंडरिंगमध्ये ती स्वतःच्या स्वस्त भावंडापेक्षा जराशी मागेच पडते. म्हणजे गेम खेळणाऱ्याच्या पारड्यात ती रत्न ठरते, आणि थ्रीडी रेंडर करणाऱ्यानं तेवढे पैसे देऊन तोटाच केला.

पायरी ४: ग्राफिक्स, म्हणजे ५६००जीचा जीव

५६००जीमधलं व्हेगा ग्राफिक्स सात युनिटांचं आहे. व्हॅलरंटसारखा हलका गेम कमी सेटिंगवर नीट चालतो, स्केचअपमधलं मध्यम मॉडेल न अडखळता फिरतं. १२४००च्या आतलं यूएचडी ७३० या बाबतीत बरंच मागे आहे. इथवर एएमडीची बाजू जड.

पण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक लावली तर सेकंदाला २५.६ जीबीचा रस्ता मिळतो. दोन लावल्या तर ५१.२. भाचीच्या कॉम्प्युटरमध्ये दुकानानं १६ जीबीची एक स्टिक टाकून दिली होती. एकूण रॅम बरोबर होती, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. आठवड्यानं ती म्हणाली, "मामा, मॉडेल फिरवताना अडकतंय." ती स्टिक बदलून ८ जीबीच्या दोन लावल्या, आणि तोच प्रोसेसर वेगळाच वाटू लागला. ग्राफिक्सवाला प्रोसेसर घेताना बिलात "८ जीबी × २" असंच लिहून घ्या, आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दोन खाचांतच त्या बसवा.

व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी मात्र इथं पारडं उलटं फिरवावं. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा व्हिडिओ उलगडायचा आणि बांधायचा वेगळा भाग आहे, आणि प्रीमियर प्रो त्याचा चांगला उपयोग करतं. लग्नाच्या शूटिंगचे आजचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या, फाइल देतात. त्या १२४०० सहज उलगडतो, ५६००जीच्या ग्राफिक्सला ते जमत नाही. यूट्यूबवर वाढत चाललेला एव्ही१ हा व्हिडिओ फाइलचा प्रकारही व्हेगाला स्वतः उलगडता येत नाही, सगळा भार कोअरवर पडतो. आणि या सगळ्यासाठी १२४०० हवा, १२४००एफ नव्हे. एफ घेऊन थोडे पैसे वाचवलेत तर क्विक सिंकही गेलं.

आणखी एक कापलेली गोष्ट. ५६००जीमध्ये पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा रस्ता) ३.० आहे, ५६००मध्ये दुप्पट वेगाचा ४.०. या रस्त्याच्या सोळा लेन वापरणाऱ्या कार्डाला याचा फार त्रास होत नाही. पण रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीसारखी स्वस्त कार्डं चारच लेन वापरतात. त्यांचा रस्ता आधीच अरुंद, त्यात वेग निम्मा. "आत्ता ५६००जी घेतो, पुढे एखादं स्वस्त कार्ड टाकतो" असा बेत असेल तर कार्डाच्या लेन आधी बघा.

पायरी ५: वॅटचा आकडा आणि आपला उन्हाळा

खोक्यावर लिहिलेले ६५ वॅट म्हणजे कमाल वापर नव्हे. एएमडीच्या ६५ वॅटवाल्या एएम४ प्रोसेसरला ८८ वॅटपर्यंत खायची मुभा असते. आय५-१२४००चा मूळ आकडा ६५, पण टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगानं पळताना, ११७. कोअर आय९-१३९००के १२५चा म्हणून विकला जातो आणि २५३पर्यंत जातो. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस घेताना हे वरचे आकडे धरा.

परदेशी परीक्षणं बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. तोच कूलर, तेच काम असेल तर खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही जास्त तापतो. बावीस अंशांत सत्तरवर राहणारी चिप अकोल्या-चंद्रपुरात मेमधल्या चाळीस अंशांच्या खोलीत अठ्ठ्याऐंशीला पोचते. ५६००जीची मर्यादा ९५ आहे. तिथं पोचल्यावर तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो, आणि दुपारी कॉम्प्युटर का मंदावतो हे घरात कुणालाच कळत नाही. विदर्भ-मराठवाड्यात बिगर-एसी खोलीत काम असेल तर खोक्यातल्या छोट्या कूलरवर विसंबू नका. थोडा मोठा टॉवर कूलर आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. हे पैसे वरच्या मॉडेलवर घालवण्यापेक्षा इथं जास्त कामी येतात, असं माझं ठाम मत आहे.

विजेचा हिशेब सोपा आहे. ४० वॅटचा फरक, दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस: ९६ युनिट. नुसत्या ऑफिसच्या वापरात प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो, आणि रिकामा असताना एकाच तुकड्यातला ५६००जी दोन तुकड्यांच्या ५६००पेक्षा कमी वीज खातो. इथं त्याची रचनाच गुण ठरते.

पायरी ६: सॉकेट, म्हणजे पुढची वाट

प्रोसेसर एकटा विकत घेतला जात नाही. त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि रॅमही येते. ५६००जीचं एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसायची जागा, जुनं आहे, पहिले रायझन २०१७ मध्ये त्यावरच आले. बोर्ड स्वस्त, पण त्यापुढे वाट फारशी नाही. २०२२ मध्ये आलेल्या एएम५वर फक्त डीडीआर५ चालते, सुरुवातीचा खर्च जास्त, पण नंतर नुसता प्रोसेसर बदलून काम भागू शकतं. इंटेलचं एलजीए १७०० तीन पिढ्या चाललं, बाराव्या ते चौदाव्या. २०२४ मध्ये नवं सॉकेट आलं. पाच वर्षं हात लावायचा नसेल, तर या पायरीला फार महत्त्व देऊ नका.

जुना माल घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २०००पासूनचे प्रोसेसर आहेत. त्यातही २२००जी आणि २४००जी नावात दोन हजारवाले असूनही यादीत नाहीत. दुसरं, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिपांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाडाचा प्रश्न निघाला होता. इंटेलनं २०२४ मध्ये बायॉसमधून (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झालेली इजा दुरुस्तीनं भरून येत नाही. तसा जुना आय७-आय९ मी स्वतः घेणार नाही.

पायरी ७: परीक्षणातले आलेख वाचताना

परीक्षक मुद्दाम सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पी वर गेम तपासतात, म्हणजे प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो. त्यांचं बरोबरच आहे. पण तुमच्याकडे मध्यम कार्ड असेल तर ते कार्डच आधी दमेल, आणि आलेखातला वीस टक्क्यांचा फरक तुमच्या घरी जवळजवळ दिसणार नाही. सरासरी फ्रेमच्या खाली दिलेला "एक टक्का लो", म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमांचा आकडा, जास्त मोलाचा; खेळताना जे अडखळणं जाणवतं ते तिथं दिसतं. कामासाठी घेत असाल तर तुमचंच सॉफ्टवेअर वापरलेली चाचणी शोधा.

आता तोला

कागदावर मध्ये रेघ ओढा. डावीकडे तुमच्या कामाला लागणारे गुण, उजवीकडे फक्त तुम्हाला बोचणाऱ्या उणिवा. तुमच्याशी संबंध नसलेली उणीव लिहूच नका.

भाचीचा कागद असा होता: ड्रॉइंगला एका कोअरचा बरा वेग हवा, मॉडेल फिरवायला ग्राफिक्स हवं, वेगळ्या कार्डाला पैसे नाहीत. लहान कॅशचा तिला त्रास नव्हता, पीसीआयईचाही नाही. ५६००जी. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका मित्राच्या कागदावर पहिलीच ओळ ४:२:२ फाइलींची होती, त्याला १२४००. शेजारच्या मुलाकडे गेमसाठी चांगलं कार्ड आधीच होतं, त्याला आतलं ग्राफिक्स म्हणजे न वापरायची खोली. त्यानं ५६०० घेतला.

घेताना आणि बसवताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठंही, भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून सांगितलाय का ते विचारा. बॉक्स पीस (कंपनीच्या खोक्यातला) आणि ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा) यातला फरक पक्का विचारा. बॉक्सवर कंपनीची वॉरंटी असते, ट्रेवर बहुधा दुकानदाराच्या शब्दापुरती. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या, तसंच प्रोसेसरच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुना बी४५० बोर्ड असेल तर बायॉस अद्ययावत करून द्यायला तिथंच सांगा, नाहीतर ५६००जी सुरूच होणार नाही.

बसवून झाल्यावर सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि क्लॉक बघत राहा. पहिल्या मिनिटाचा क्लॉक दहाव्या मिनिटाला बराच घसरला असेल तर कूलर नीट बसला नाही किंवा त्याच्यावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिलीये. एएम४च्या प्रोसेसरला पिना स्वतःच्या पोटालाच असतात. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी पाच-दहा मिनिटं कॉम्प्युटरवर जड काम चालवून कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वीज काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.